नारायण पेठेत नदीकाठचा जुना फ्लॅट: घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून

प्रश्न थोडक्यात असा. पन्नाशी पार केलेलं जोडपं, बाणेरला तीन बेडरूमचं घर, मुलगी शिकायला बाहेरगावी, सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. बाणेरचं घर विकून पुण्याच्या नारायण पेठेत केळकर रस्ता आणि मुठा नदी यांच्या मधल्या एका गल्लीत दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचं मनात आहे. इमारत १९८६ ची, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, पार्किंग फक्त दुचाकीपुरतं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून नदी दिसते. ताईंनी विचारलंय: गाडी विकून पायी जगता येईल का, पुराची भीती कितपत खरी, आणि एजंट म्हणतो तसा 'दोन-तीन वर्षांत रिडेव्हलपमेंट' होईल का?

ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पेठांमधल्या जुन्या इमारतींची तपासणी, दुरुस्ती आणि पुनर्विकास हेच माझं रोजचं काम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'हो' आहे. दुसऱ्याचं उत्तर गल्लीनुसार बदलतं. तिसऱ्याबाबत मात्र एजंटच्या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

पायी जगण्याबद्दल आधी बोलते, कारण तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे. बाणेर-बालेवाडीत चालायला जागा आहे, पण चालत जाऊन करायची कामं फारशी नाहीत. नारायण पेठेत उलट आहे. जागा अपुरी, पण काम चार पावलांवर. मंडई, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं-वह्या, लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, पूल ओलांडला की डेक्कन आणि बालगंधर्व, हे सगळं धडधाकट माणसाला रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत. गिरणी, शिंपी, इस्त्रीवाला, पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा, डॉक्टर, पॅथॉलॉजी, पोळी-भाजी केंद्र हे तर गल्लीच्या तोंडाशी. मेट्रोने भर घातलीय. वनाज-रामवाडी मार्गावरची डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं नदीच्या पलीकडच्या काठालाच आहेत आणि सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यावर कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकंही हाताशी आली. पुणे स्टेशनला जायला रिक्षावाल्याची मनधरणी करायची गरज उरलेली नाही.

पण 'पायी' हा शब्द वयाप्रमाणे बदलतो. तुम्हाला जे पंधरा मिनिटांचं अंतर, ते सासूबाईंना अर्ध्या तासाचं, तेही फूटपाथ सलग असेल तर. पेठेतल्या आतल्या गल्ल्यांत फूटपाथ नाहीच, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांवर आहे त्यावर दुचाक्या आणि पथारी. महापालिका दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. त्या दिवशी एकदा या आणि हाच रस्ता वाहनांशिवाय कसा लागतो ते अनुभवा. मग एरवीच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता सासूबाईंना सोबत घेऊन त्याच रस्त्याने मंडईपर्यंत जा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगते. घर बघायला सगळे रविवारी सकाळी येतात, आणि रविवारी सकाळची पेठ ही अर्धीच पेठ असते.

गाडीचं म्हणाल तर विकाच. अर्धवट निर्णय घेऊ नका. चारचाकी ठेवली तर ती रोज रात्री कुठे लावायची या एका प्रश्नात तुमचं शेजाऱ्यांशी असलेलं नातं संपेल. त्या भागात महिन्याच्या भाड्याने जागा मिळते, पण ती घरापासून लांब असते आणि सणासुदीला तिथून गाडी बाहेर निघत नाही. रिक्षा, मेट्रो आणि गावाला जाताना भाड्याची गाडी हा हिशेब तुमच्या वयाच्या तिघांना सहज परवडतो. विक्रेता 'पार्किंग आहे' म्हणत असेल तर ते मंजूर नकाशात बघा. सोसायटीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पांढरे पट्टे मारले म्हणून ते पार्किंग होत नाही.

आता नदी. पेठेतल्या जुन्या माणसांशी पुराचा विषय काढलात की १२ जुलै १९६१ येतंच. बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले. तुमच्या गल्लीतल्या इमारती त्यानंतरच्या असण्याचं हेही एक कारण. पण तो धरण फुटल्याचा पूर होता. आज सांभाळायचा धोका वेगळा आहे. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसाचं पाणी आणि नाल्या-गटारांतून उलटं येणारं पाणी, हे तिन्ही एकाच रात्री येणं.

पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेकला आणि लाल १ लाख क्युसेकला धरली आहे. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा धरणातला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपासच होता. पात्रात टाकलेला राडारोडा, काठावरचे भराव, आणि धरणाखालच्या भागात पडलेला पाऊस हे त्या आकड्यात मोजलं जात नाही. म्हणून 'आमची इमारत निळ्या रेषेच्या बाहेर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

तुम्हाला दोन गोष्टी करायच्या आहेत. पहिली कागदाची. महापालिकेच्या बांधकाम खात्यातून त्या सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. त्यावर पूररेषा आणि रस्तारुंदीची (पुढे रस्ता रुंद करायला राखलेल्या जागेची) रेषा, दोन्ही आखलेल्या मागा. दुसरी पायांची. तळमजल्यावरचा दुकानदार किंवा शेजारच्या इमारतीतला जुना रहिवासी गाठा आणि विचारा की २०१९ आणि २०२४ ला पाणी कितव्या पायरीला आलं होतं. 'पूर आला होता का' असं विचारलंत तर सगळे नाही म्हणतील, घराची किंमत उतरते ना. पायरी विचारली की माणूस हाताने दाखवतो. मग इमारतीच्या मागचं ड्रेनेजचं चेंबर उघडून बघा. नदी फुगली की गटाराच्या पाण्याला उतार राहत नाही आणि ते चेंबरमधून मागे उसळतं. नदी रस्त्यावर न येताही तळमजल्याच्या संडासातून घाण पाणी वर येण्याचं कारण हेच. चेंबरच्या आतल्या भिंतीवर झाकणापर्यंत काळपट चिकट थर दिसला तर ते दर पावसाळ्यात तुंबतं असं समजा.

दुसऱ्या मजल्यावर तुमच्या घरात पाणी येणार नाही. पण मीटर, पाण्याचा पंप आणि जमिनीखालची टाकी तळाला असतात. ते बुडाले की वीज गेली, पाणी गेलं, आणि टाकी धुवून क्लोरीन टाकेपर्यंत दोन-तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर. सोसायटीने मीटर वर उचलून लावलेत का, टाकीचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे, हे विचारा. ज्या सोसायटीने हे आपणहून केलंय तिथली माणसं इमारतीची काळजी घेणारी आहेत, आणि जुन्या इमारतीत राहायचं तर ही गोष्ट कुठल्याही टाइल्सपेक्षा मोलाची आहे.

गॅलरीतल्या नदीसाठी वेगळे पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ऑगस्टमध्ये भरून वाहणारी मुठा बघून कुणाचंही मन हरखेल. एप्रिलमध्ये तिथे उरतो एक सांडपाण्याचा प्रवाह, त्याचा वास आणि डास. नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरचा आहे, मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, आणि प्रत्यक्ष काम संगमवाडी-बंडगार्डनच्या बाजूने सुरू झालं. पेठेचा काठ कधी आणि कसा होईल यावर आजच्या घराची किंमत ठरवणं चूक आहे. शिवाय ओंकारेश्वराजवळच्या घाटापासून भिडे पुलापर्यंतचा नदीकाठ हा गणपतीआधी कितीतरी दिवस ढोल-ताशा पथकांच्या सरावाने दणाणत असतो. मला स्वतःला तो आवाज आवडतो. पण सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर त्या गॅलरीच्या खोलीत त्यांना झोपवता येणार नाही हे आत्ताच लक्षात घ्या. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या काळात रुग्णवाहिका आत कशी येते, हे त्याच गल्लीतल्या डॉक्टरांना विचारा. त्यांना पक्कं माहीत असतं.

इमारत चाळीस वर्षांची. महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. अहवाल मागा. 'झालंय हो' हे उत्तर चालणार नाही, तारीख, सही आणि सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी हवी. अहवाल नसेल तर स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर न्या. मी काय बघते ते सांगते. आधी जिन्याच्या लँडिंगची खालची बाजू आणि गॅलरीचे ब्रॅकेट. रंग ताजा असेल तर बोटाच्या पेराने ठोकून ऐकते, पोकळ आवाज आला की आत प्लास्टर सुटलेलं. मग तळमजल्याचे कॉलम, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, कारण ओल तिथे चढते. कॉलमच्या कोपऱ्याला उभी बारीक चीर असेल तर आतली सळई गंजून फुगली आहे. अशा ठिकाणी काँक्रीटचा छोटा टवका काढून त्यावर फिनॉफ्थेलिनचे थेंब टाकतो. गुलाबी झालं तर काँक्रीटमध्ये अजून सळईला जपणारा क्षार आहे. रंग आलाच नाही तर ते संरक्षण संपलं. एका मिनिटाची चाचणी आहे, आणि गुळगुळीत रंगवलेल्या कॉलमचा काँक्रीट राखाडीच राहिलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

गंज आहे म्हणून लगेच पळू नका. कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, संडासाच्या पाइपांची बदली, यातून इमारतीला चांगली पंधरा वर्षं मिळू शकतात. फक्त तो खर्च सर्व सभासदांत वाटला तर तुमच्या वाट्याला किती येतो हे काढा आणि तेवढा भाव कमी करून मागा. बँकही इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून कर्जाची मुदत ठरवते. तुम्हाला कर्ज नको असलं तरी उद्या तुमच्याकडून विकत घेणाऱ्याला लागणार आहे.

पुनर्विकासाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण पेठेतल्या भावात त्याची आशा आधीच मिसळलेली असते. इमारत कुणाची हे कमी महत्त्वाचं, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. शहरातल्या पेठांत सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. ती काढा आणि धारकाचं नाव वाचा. सोसायटीचं नाव असेल तर उत्तम. पण बहुतेक वेळा तिथे अजूनही मूळ वाडामालकाचं नाव सापडतं, तो वारून वर्षं झालेली, वारस चार शहरांत आणि दोन देशांत. बिल्डरने १९८६ साली फ्लॅट विकले, पैसे घेतले, अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणं) केलंच नाही. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर-मालकाच्या सहीशिवाय ते करून मिळण्याचा, अर्ज करता येतो आणि सोसायट्यांना ते मिळतंही, पण त्यासाठी कागद जमवणारा, पाठपुरावा करणारा कुणीतरी सोसायटीत हवा. तो आहे का, हे वार्षिक सभेची इतिवृत्तं वाचून कळतं. सोसायटीऐवजी १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र मागा आणि तुमच्या फ्लॅटला जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के आहे ते बघा.

तळमजल्याच्या मागे एखादी जुनी खोली आणि तिच्यात जुने भाडेकरू असतील तर थांबा आणि वकिलाला विचारा. भाडेनियंत्रण कायद्यातला भाडेकरू हा पुनर्विकासात हक्काने जागा मागतो, आणि त्याची जागा सगळ्यांच्या वाट्यातून जाते. याच पेठांत 'फ्लॅट' म्हणून निव्वळ भाडेकरूहक्क विकतात. कागदावर खरेदीखत आहे की पावतीवरचा हक्क, हे सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढलीत की पाच मिनिटांत उघड होतं.

आता साधा हिशेब. समजा भूखंड तीन गुंठ्यांचा, म्हणजे ३,२६७ चौरस फूट, आणि गल्ली सहा मीटरहून अरुंद. किती बांधता येईल आणि किती उंच जाता येईल, हे राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे. रस्तारुंदीची रेषा पुढून भूखंड कापत असेल तर हातात आणखी कमी. पूररेषांच्या पट्ट्यात परवानगी मिळाली तरी राहण्याच्या मजल्याची पातळी लाल रेषेपेक्षा ४५ सेंटिमीटर वर ठेवावी लागते, म्हणजे तळाला पार्किंगशिवाय काही होत नाही. जुन्या सभासदांना त्यांच्या जागा अधिक थोडी वाढ देऊन बिल्डरला विकायला चार फ्लॅटसुद्धा उरत नसतील तर तो येणारच नाही. आला तर अर्धवट टाकून जाईल. शेजारचे दोन भूखंड एकत्र आले तर चित्र पालटतं, पण पेठेत तीन सोसायट्यांचं एकमत व्हायला लागणारा काळ दोन-तीन वर्षांत कधीच संपत नाही. शनिवार किंवा कसब्यातही बघत असाल तर आणखी एक मर्यादा: शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते.

म्हणून मी लोकांना असं सांगते की पुनर्विकास होणारच नाही असं धरून भाव ठरवा. आहे त्या इमारतीत, आहे त्या जिन्यावर, पंधरा वर्षं राहायला तुम्ही आनंदाने तयार असाल तरच घ्या.

आणि हा जिनाच मला तुमच्या बाबतीत खुपतोय. दुसरा मजला म्हणजे चार वळणं. त्या काळातल्या इमारतींचा जिना बहुधा तीन फुटी, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. माणसाला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणावं लागतं. आज सासूबाई दिवसातून एकदा उतरतील, पडल्या तर उतरणंच बंद. मग त्यांच्यासाठी पेठ म्हणजे गॅलरीतून दिसणारा रस्ता, आणि ज्या चालण्यासाठी तुम्ही सगळं करताय ते त्यांच्या वाट्याला येणार नाही. बाहेरून लिफ्ट बसवता येते का हे विचारा: त्यासाठी बाजूला पुरेशी मोकळी जागा, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि महापालिकेची परवानगी, तिन्ही लागतात. तळमजल्याचे सभासद पैसे द्यायला तयार नसतात, त्यामुळे ठराव कागदावर असल्याशिवाय ते गृहीत धरू नका. याच गल्लीत किंवा केळकर रस्त्याच्या वरच्या बाजूला, सदाशिव पेठेकडे, पहिल्या मजल्यावर काही मिळालं तर नदी सोडून ते घ्या. नदीच्या इतक्या जवळ तळमजला मात्र नको.

घाई नसेल तर बाणेरचं घर विकण्याआधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, जूनमध्ये सुरू करून. पावसाळा, गणपती, दिवाळीची गर्दी आणि एप्रिलचा वास, सगळं त्यात येतं. बाणेरचं घर तोवर भाड्याने द्या. विकाल तेव्हा भांडवली नफ्यावरच्या सवलतीसाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं असावं लागतं, तेवढं तुमच्या सीएशी बोलून तारखा जुळवा. मुद्रांक शुल्क सध्या पुण्यात एकूण ७ टक्के, खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर ६, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. घर ताब्यात आलं की महापालिकेचा पीटी-३ अर्ज भरा, स्वतः राहत असल्याची मिळकत करातली ४० टक्के सवलत त्याशिवाय लागू होत नाही.

हाच फ्लॅट घ्यायचा असं ठरलं आणि विक्रेता विसार मागू लागला, तर विसारपावतीत तीन अटी घालून घ्या: झोन दाखल्यात फ्लॅटची इमारत निळ्या रेषेत किंवा रस्तारुंदीत निघाली तर विसार पूर्ण परत, वकिलाच्या तीस वर्षांच्या शोध अहवालात हक्काचा दोष निघाला तरी परत, आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला व मूळ भाग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विक्रेत्याची. गॅलरी बंद करून वाढवलेली खोली मंजूर नकाशात नसेल तर तिचं क्षेत्रफळ किमतीत धरायचं नाही, हेही त्यातच लिहा.